रोममधील कॉर्नेलियस कुलनाम : वंश, दत्तकविधान आणि दास्यमुक्ती

प्रस्तावना : प्राचीन रोमचा इतिहास शिकविताना कॉर्नेलियस हे नाव वारंवार समोर येते. हे नाव धारण करणाऱ्या सर्व व्यक्ती एकाच रक्ताच्या असाव्यात, असा समज विद्यार्थ्यांत सहज रूढ होतो. हा समज कितपत ग्राह्य आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

नामरचना : प्रजासत्ताक काळातील उच्चकुलीन रोमन पुरुषाच्या नावात सामान्यतः व्यक्तिनाम, कुलनाम व शाखानाम असे तीन घटक असत. पब्लियस कॉर्नेलियस स्किपिओ या नावात कॉर्नेलियस हे कुलनाम, तर स्किपिओ हे शाखानाम होय. मराठी नावात मधले नाव वडिलांचे असते; त्या सवयीने रोमन नाव वाचल्यास गफलत होते. मुलीला कुलनामाचे स्त्रीलिंगी रूप मिळे. त्यामुळे ग्रॅकस बंधूंची माता आणि सिन्नाची कन्या असलेली ज्युलियस सीझरची पत्नी, या दोघीही ‘कॉर्नेलिया’च होत.

वंश : कॉर्नेलियस हे रोममधील अग्रगण्य पॅट्रिशियन कुल होते. इ. स. पू. २९८ मधील कॉन्सल स्किपिओ बार्बाटस याची शवपेटिका आज व्हॅटिकन संग्रहालयात आहे. इ. स. पू. २०२ मध्ये झामा येथे हॅनिबलचा पराभव करणारा स्किपिओ आफ्रिकानस याच शाखेतील. या कुलातील पॅट्रिशियन शाखांत शव पुरण्याची प्रथा होती. इ. स. पू. ७८ मध्ये हुकूमशहा सुलाचे दहन झाले, तेव्हा ती मोडली, असे सिसरो सांगतो.

रक्तसंबंधाविना प्राप्त झालेले नाव : इ. स. पू. १४६ मध्ये कार्थेज उद्ध्वस्त करणारा स्किपिओ एमिलियानस हा जन्माने एमिलियस कुलातील होता. आफ्रिकानसच्या पुत्राने त्याला दत्तक घेतले. त्याच्या नावातील ‘एमिलियानस’ हा शब्द मूळ कुलाची खूण होय. स्पेनमधील गादेस येथे जन्मलेल्या लूसियस कॉर्नेलियस बाल्बस याला पॉम्पीमुळे रोमन नागरिकत्व मिळाले. इ. स. पू. ४० मध्ये तो कॉन्सल झाला. हे पद मिळविणारा तो पहिला परदेशी व्यक्ती होता.

सर्वांत लक्षणीय उदाहरण सुलाचे आहे. अ‍ॅपियनच्या कथनानुसार, त्याने ठार केलेल्या विरोधकांच्या १०,००० हून अधिक तरुण गुलामांना मुक्त करून नागरिकत्व दिले. मुक्तिदात्याच्या नावावरून ते सर्व कॉर्नेलियस झाले. सामान्य जनतेत आपले हुकमी समर्थक असावेत, हा त्यामागील हेतू होता. ज्यांचे धनी सुलाने मारले, त्यांनाच सुलाचे नाव लाभले.

निष्कर्ष : रोमन कुलनाम हे वंशाचे द्योतक होते, तसेच दत्तकविधान, नागरिकत्व व दास्यमुक्ती यांतून निर्माण होणाऱ्या संबंधांचेही. म्हणून शिलालेखात केवळ ‘कॉर्नेलियस’ आढळल्यास कुलीनतेचा निष्कर्ष काढता येत नाही. त्यापुढे ‘अमुकाचा पुत्र’ असे आहे की ‘अमुकाचा मुक्त दास’, हे प्रथम पाहावे लागते. वर्गात नावांची यादी देताना एवढा भेद स्पष्ट केला, तरी रोमच्या इतिहासात सेनापतींच्या जोडीने त्या निनावी हजारोंनाही स्थान मिळेल.