पंपाची झीज आधीच कशी ओळखावी?

सेलू तालुक्यातील देवगाव फाट्याच्या परिसरात विहीर-बोअरवर रब्बी करणाऱ्याचा पंप बहुधा गहू-हरभऱ्याला पाणी हवे असते तेव्हाच बसतो. मग "मोटार अचानक जळाली" असे सांगितले जाते. एक फेज गेल्याने जळालेल्या मोटारी सोडल्या, तर हे 'अचानक' आम्हाला फारसे पटत नाही.

सर्वांत सोपी परीक्षा पिंपाची. पंप नवा असताना 200 लिटरचे पिंप किती सेकंदांत भरते ते भिंतीवर लिहून ठेवावे. 40 सेकंद लागले तर सेकंदाला 5 लिटर पाणी. तेच पुढे 50 सेकंदांत भरू लागले तर पाणी 4 लिटरवर आले; पाचवा हिस्सा गेला. तुलना मात्र विहिरीची पातळी सारखी असतानाच करावी, कारण पाणी खोल गेले की चांगला पंपही कमी देतो. पातळी तीच असेल तर आधी फूटव्हॉल्व्ह, जाळी आणि पाइपाची गळती पाहावी. तिथे दोष नसल्यास वाळूने इंपेलर व वेअर रिंग खाल्ली असावी. फट वाढली की उपसलेले पाणी पंपातच मागे फिरते आणि विजेचे पैसे फुकट जातात.

दुसरी खूण ॲम्पिअरची. टाँग टेस्टरने तिन्ही फेजचे ॲम्पिअर घ्यावेत व शेजारी व्होल्टेजही लिहावे, कारण व्होल्टेज उतरले की ॲम्पिअर चढतात. व्होल्टेज व पाणी तेच असून तिन्ही फेज चढले, तर बेअरिंग किंवा बुश जड झाल्याचा संशय घ्यावा. एकाच फेजमध्ये फरक असेल तर पंप खोलण्याची घाई नको. आधी लाइन, स्टार्टर आणि वाइंडिंग तपासावे.

मोनोब्लॉक असेल तर लांब पेचकसाचे टोक बेअरिंगजवळ टेकवून मूठ कानाशी धरावी. करकर बेअरिंगची असते. पोटात खडे घोळल्यासारखा आवाज आला तर सक्शनला पाणी पुरत नाही. दोरीच्या ग्लँडमधून थेंब थेंब पाणी पडणे हा दोष नव्हे. तो पूर्ण आवळणारे शाफ्ट घासून घेतात! सबमर्सिबलला कान लावता येत नाही. तिथे पिंप, ॲम्पिअर आणि पाण्यातून येणारी वाळू एवढ्यावरच भिस्त.

मिस्त्री बांधवांना एक सूचना. जळालेल्या मोटारीत नुसती तार भरून दिली आणि खराब बेअरिंग तसेच राहिले, तर तीच मोटार पुन्हा दुकानात येते आणि गिऱ्हाईक दोष वाइंडिंगला देते. पंप बसवून दिल्यावर बिलाच्या मागे सेकंद, व्होल्टेज व ॲम्पिअर लिहून द्यावेत. पुढच्या हंगामात तुलनेला तोच आकडा लागतो.