शिरोलीतला र, एमआयडीसीतला य

कोल्हापूरहून पंचगंगेचा पूल ओलांडला की पुलाची शिरोली लागते आणि महामार्गालगत फौंड्र्यांची वसाहत. ‘शिरोली एमआयडीसी’ एवढंच सावकाश म्हणून पाहा. र आला, ल आला, ‘आय’मधला य आला. चार अर्धस्वरांपैकी तीन इथेच सापडले. चौथा, म्हणजे व, फौंड्रीतल्या साच्याच्या वाळूत आहे.

मधली मंडळी

‘आ’ म्हणताना तोंडातली वाट मोकळी असते. ‘प’ किंवा ‘ट’ म्हणताना ती क्षणभर बंद होते. य, र, ल, व या दोन्हींच्या मधले. हवेला थोडी आडकाठी होते, पण कोंडी होत नाही. म्हणून व्याकरणात त्यांना ‘अंतस्थ’ म्हणतात.

य आणि व

‘इ’ म्हणता म्हणता झटकन ‘आ’वर या; ‘या’ ऐकू येईल. टाळूजवळ उचललेली जीभ खाली सरकते, त्या सरकण्यातच य असतो. ‘उ’वरून ‘आ’वर आलात तर ‘वा’. मराठी व म्हणताना बहुधा खालचा ओठ वरच्या दातांजवळ जातो, पण घासत नाही. इति + आदि = इत्यादि, सु + आगत = स्वागत, ही शाळेत घोकलेली संधी म्हणजे जीभ-ओठांची हीच चाल. पाणिनीने ती सूत्रात बांधली.

र, ल आणि ळ

‘शिरोली’तल्या र ला जिभेचं टोक वरच्या हिरडीला एकदाच टिचकी मारतं. ल ला ते तिथे टेकून राहतं आणि हवा बाजूंनी निघते. ल च्या जागी जीभ ठेवून श्वास आत ओढा. जिभेच्या कडांना गार लागेल. ळ ला टोक मागे वळून टाळूला लागतं. ‘काल’ आणि ‘काळ’ यांत फरक तेवढ्या वळणाचा. ‘कोल्हापूर’मध्ये तर ल आणि ह मिसळून एकच श्वासभरला ल होतो.

बोलीतला पुरावा

खेड्यात विळ्याला इळा म्हणतात, विहिरीला इहीर. उलट एकाचं येक होतं, ओळखीची वळख. शहरातले हसतात, पण यात नियम आहे. इ शेजारचा व गळतो, ए च्या आधी य येतो, ओ च्या जागी व. ‘येक’ म्हणणारी जीभ चुकत नाही. ए साठी उचललेलीच असते, ती आणखी जराशी उचलते. आणि ‘व्हय’ म्हणून मान डोलावली, की शब्दाच्या दोन्ही टोकांना अंतस्थच उभे.