स्वप्नवहीतला काळ

सकाळी उठल्यावर स्वप्न लिहून ठेवायचे ठरवले, की पहिल्याच वाक्याशी पेन अडते. ‘मी शाळेच्या जिन्यावर उभा होतो’ असे लिहायचे, की ‘उभा आहे’ असे? वरवर पाहता हा व्याकरणाचा किरकोळ प्रश्न. परंतु स्वप्नाची नोंद म्हणजे निरीक्षणाची नोंद असे मानले, तर हाच प्रश्न आपल्याला प्रयोगवहीतल्या शिस्तीपर्यंत घेऊन जातो.

आधी ही नोंद अवघड का असते ते पाहू. १९५३ मध्ये शिकागो विद्यापीठातील युजीन ॲसेरिन्स्की आणि नॅथॅनियल क्लाइटमन यांनी झोपेतल्या एका विशिष्ट अवस्थेचे वर्णन केले. या अवस्थेत मिटलेल्या पापण्यांआड डोळे भराभर हलत असतात. आज तिला रेम निद्रा म्हणतात. १९५७ मध्ये विल्यम डिमेंट आणि क्लाइटमन यांनी काही माणसांना या अवस्थेतून एकूण १९१ वेळा जागे केले. त्यांपैकी १५२ वेळा त्यांना स्वप्न सांगता आले. (झोपेच्या इतर अवस्थांतही स्वप्ने पडतात, हे पुढे दिसून आले.) म्हणजे ‘मला स्वप्नेच पडत नाहीत’ असे म्हणणाऱ्यांनाही ती बहुधा पडतात, टिकत मात्र नाहीत.

जे टिकते, तेही जसेच्या तसे टिकत नाही. केंब्रिजचे मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ मध्ये प्रसिद्ध केलेले प्रयोग या संदर्भात आठवतात. त्यांनी लोकांना उत्तर अमेरिकेतील आदिवासींची एक अनोळखी लोककथा वाचायला दिली आणि काही काळाने ती आठवून लिहायला सांगितले. कथा आखूड झाली, अपरिचित गोष्टींच्या जागी परिचित गोष्टी आल्या आणि तुटक प्रसंगांमध्ये कारणे भरली गेली. कोणीही मुद्दाम खोटे लिहिले नव्हते. विस्कळीत गोष्टीला सुसंगत करणे हा स्मृतीचा स्वभावच आहे, आणि स्वप्नाइतके विस्कळीत दुसरे काय असणार?

आता काळाकडे वळू. ‘मी विहिरीत पडलो’ हे वाक्य पाहा. साध्या भूतकाळात क्रिया पूर्ण झालेली असते. पण स्वप्नात आपण बहुधा पडत असतानाच जागे होतो. म्हणजे ‘पडलो’ लिहिताच, न घडलेला शेवट आपण नकळत जोडतो. ‘दार उघडले’ आणि ‘दार उघडे होते’ यांतही असाच फरक आहे. दार उघडताना दिसले, की ते आधीपासून उघडेच होते? ‘मी पडतो आहे’, ‘दार उघडे आहे’ असे वर्तमानकाळात लिहिताना आपण त्या क्षणाकडे पुन्हा पाहतो, आणि जेवढे दिसते तेवढेच लिहिण्याची शक्यता वाढते. भूतकाळात ‘मग’, ‘त्यामुळे’, ‘म्हणून’ हे शब्द सहज येतात, आणि त्यांच्या पाठोपाठ गोष्ट रचली जाते.

सिग्मंड फ्रॉइड यांनी जुलै १८९५ मध्ये स्वतःला पडलेले एक स्वप्न आपल्या स्वप्नांवरील ग्रंथात दिले आहे. मूळ जर्मनमध्ये ते वर्तमानकाळात लिहिलेले आहे. जेम्स स्ट्रॅची यांच्या १९५३ च्या इंग्रजी भाषांतरात मात्र ते भूतकाळात आले. स्वप्न ‘असे व्हावे’ असे म्हणत नाही, ते ‘असे आहे’ असेच दाखवते, याकडे फ्रॉइड यांनी मुद्दाम लक्ष वेधले होते. त्यांचा इच्छापूर्तीचा सिद्धांत मान्य नसला, तरी हे निरीक्षण पटण्याजोगे आहे. स्वप्न पाहताना आपल्यापाशी फक्त ‘आता’ असतो.

मग सगळेच वर्तमानकाळात लिहावे काय? मानसोपचारतज्ज्ञ फ्रिट्झ पर्ल्स रुग्णांना स्वप्न वर्तमानकाळात, जणू ते आताच घडते आहे असे सांगायला लावत. स्वप्न पुन्हा अनुभवणे हा त्यांचा हेतू होता. आपला हेतू नोंदीचा आहे, आणि तिथे आणखी एक धोका असतो. तो आम्हाला फार उशिरा कळला.

वडिलांच्या शेवटच्या आजारपणात आम्ही एक वही ठेवली होती. दिवसाच्या घडामोडी आणि रात्रीची स्वप्ने तिच्यात एकापाठोपाठ एक लिहिलेली आहेत, सगळी भूतकाळात. काही वर्षांनी वही उघडली, तेव्हा एका पानावर दोनच ओळी होत्या : ‘बाबा ओसरीवर बसले होते. आज दुखत नाही म्हणाले.’ हे खरोखर घडले, की आम्हाला स्वप्नात दिसले, हे आज सांगता येत नाही. विचारायला ते नाहीत. एका क्रियापदाने हा संशय मिटला असता.

तेव्हापासून आम्ही एक नियम पाळतो. स्वप्नात जे दिसले ते वर्तमानकाळात. जागे झाल्यावर जे सुचले ते भूतकाळात आणि वेगळ्या परिच्छेदात. उदाहरणार्थ, ‘एका मोठ्या वाड्यात मी एकटा फिरतो आहे’ हे निरीक्षण. ‘उठल्यावर तो वाडा आजोळच्या घरासारखा वाटला’ हे अनुमान. मात्र स्वप्नातच ‘हे आजोळ’ असे ठाऊक असेल, तर ‘हे आजोळ आहे’ असे लिहावे. जागेपणीच्या घटना या वहीत नकोतच. तारीख आणि उठल्याची वेळ मात्र हवी.

प्रयोगवहीत ‘निरीक्षण’ आणि ‘अनुमान’ असे दोन रकाने आपण मुलांना आखायला लावतो. पुष्कळदा मुले निरीक्षणाच्या रकान्यातच ‘वायू तयार झाला’ असे लिहितात. दिसलेले असतात फक्त बुडबुडे! ही चूक नेमकी कशी होते, हे दाखवण्यासाठी एक उपक्रम करता येईल. स्वप्ने खाजगी असतात, म्हणून ती वर्गात विचारू नयेत. त्याऐवजी आज शाळेत येतानाची पाच मिनिटे निम्म्या वर्गाला वर्तमानकाळात आणि निम्म्या वर्गाला भूतकाळात लिहायला सांगावीत. मग दोन्ही गटांच्या लेखनातले ‘म्हणून’ आणि ‘त्यामुळे’ फळ्यावर मोजावेत. जे आकडे येतील ते तसेच लिहावेत. आमच्या म्हणण्याच्या विरुद्ध आले, तरीही.