कॅरमच्या पावडरीचा भाऊबंद

“डॉक्टर, वडिलांना जे इंजेक्शन चालू केलंय त्यात बोरॉन आहे म्हणे. म्हणजे कॅरमवर टाकतो ती बोरिक पावडरच ना? मग एवढी महाग कशी?” तात्यांच्या मुलाने गेल्या महिन्यात मला हा प्रश्न विचारला. त्याच्या हातात ग्रीन टीच्या अर्काच्या कॅप्सूलची एक डबी होती. तिच्याकडे मी नंतर येतो.

तात्या हे त्यांचे खरे नाव नव्हे. वय साठीच्या पुढे, शेती. चार महिने पाठ दुखते म्हणून माझ्याकडे येत होते. मी वेदनाशामक गोळ्या दिल्या, कमरेचा पट्टा सांगितला. मधे हिमोग्लोबिन साडेसात निघाले, तेव्हा लोहाच्या गोळ्या दिल्या. पाठ एका खान्यात आणि रक्त दुसऱ्या खान्यात टाकून मी मोकळा झालो. लोहाने रक्त वाढेना, तेव्हा कुठे ईएसआर पाहिला. तो शंभराच्या वर होता. क्रिएटिनिन वाढलेले आणि एक्स-रेमध्ये पाठीचा एक मणका खचलेला. शहरातील तज्ज्ञांनी हाडातील मगज तपासून निदान केले, ‘मल्टिपल मायलोमा’. हा प्लाझ्मा पेशींचा कर्करोग. या रोगात मूत्रपिंडे आधीच धोक्यात असतात आणि मी चार महिने त्यांच्यावर वेदनाशामकांचा भार टाकत होतो. पन्नाशी-साठीतल्या माणसाची न हटणारी पाठदुखी आणि कारण न सापडणारा रक्तक्षय एकत्र दिसले तर डॉक्टरांना या रोगाबद्दल जरूर विचारा. मला कोणी विचारले असते तर बरे झाले असते.

आता मुलाचा प्रश्न. बोरॉनच्या अणूला तीन हात असतात असे समजा. बोरिक अ‍ॅसिडमध्ये तिन्ही हातांत ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी असते. त्यांतला एक हात सोडवून तो कार्बनच्या रेणूला धरायला लावला की झाले बोरॉनिक अ‍ॅसिड. भाऊबंद खरे, पण गुण वेगळे. बोरिक पावडर ही औषध नव्हे, हे येथेच सांगून टाकतो. पूर्वी बाळांच्या लंगोटाच्या जागी चट्टे आले की ती सर्रास लावत. सोललेल्या कातडीतून ती अंगात भिनून बाळे दगावल्याच्या नोंदी आहेत. झुरळांसाठी पिठात मिसळून गोळ्या करता, त्याही मुलांच्या हाताला लागू देऊ नका.

तात्यांच्या इंजेक्शनचे नाव बोर्टेझोमिब. अमेरिकेत 2003 साली त्याला मान्यता मिळाली. बोरॉनिक अ‍ॅसिडच्या कुळातले हे पहिले औषध. आपल्या प्रत्येक पेशीत निकामी प्रथिनांचा चुरा करणारी एक गिरणी असते, तिला प्रोटिएसोम म्हणतात. मायलोमाची पेशी रात्रंदिवस प्रथिने तयार करते, त्यामुळे तिच्याकडे कचराही फार. बोर्टेझोमिबचा बोरॉन या गिरणीचे पातेच धरून ठेवतो. गिरणी थांबते, कचरा साचतो आणि पेशी त्यात गुदमरून मरते. रोग मुळासकट जातो असे नाही, पण इतर औषधांच्या जोडीने तो पुष्कळदा काही वर्षे आटोक्यात राहतो. इंजेक्शन पोटाच्या किंवा मांडीच्या कातडीखाली देतात. ते चालू असताना नागीण उठण्याचा संभव असतो, म्हणून तिच्या प्रतिबंधाची गोळी सोबत देतात. ती मनाने बंद करू नये.

या कुळाचा एक स्वभाव आहे. एखाद्या रेणूवर ऑक्सिजन-हायड्रोजनच्या दोन जोड्या शेजारी शेजारी दिसल्या की बोरॉन त्यांना जाऊन चिकटतो. साखरेत अशा जोड्या असतात. म्हणून मधुमेहाच्या तीन महिन्यांच्या सरासरीची, म्हणजे एचबीए-वन-सी तपासणी काही यंत्रे याच तत्त्वावर करतात. साखर चिकटलेले हिमोग्लोबिन बोरॉनिक अ‍ॅसिड धरून ठेवते, बाकीचे वाहून जाते. विदर्भात ज्यांच्या रक्तात सिकलसेलचा एक जनुक आहे, अशांची तपासणी इतर काही पद्धतींनी चुकू शकते. त्यांना ही पद्धत बरी. जपानच्या अकिरा सुझुकी यांनी बोरॉनच्या संयुगांच्या साह्याने कार्बनला कार्बन जोडण्याची युक्ती 1979 साली दाखवली. 2010 साली त्यांना नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. रक्तदाबाची लोसार्टन गोळी तयार करताना ही युक्ती वापरली गेली आहे. तुमच्यापैकी कित्येकांच्या घरात ती असेल.

आता ती डबी. ग्रीन टीमधल्या मुख्य द्रव्यावर नेमक्या अशाच शेजारच्या जोड्या असतात. औषधातला बोरॉन गिरणीकडे जाण्याऐवजी त्यालाच मिठी मारून बसतो. अमेरिकेतील संशोधकांनी 2009 साली पेशींवर आणि उंदरांवर हे दाखवले. औषध अंगात जाते, पण कर्करोगाची पेशी मजेत जगते. माणसांत हे किती घडते हा वेगळा प्रश्न, पण एवढा खर्च करून असा जुगार कशाला खेळायचा? क जीवनसत्त्वाच्या मोठ्या गोळ्यांचीही तीच गोष्ट. जेवणातले लिंबू मात्र खुशाल खावे.

मुलगा ओशाळला. “शक्ती येते म्हणून आणल्या हो. मोठ्या डॉक्टरांना सांगायचं सुचलंच नाही.” त्याचा दोष नाही. वनस्पतीचे म्हणजे निरुपद्रवी, असे आपण सगळेच धरून चालतो.

तात्या एवढा वेळ गप्प होते. म्हणाले, “आणि आपला चहा?”

“दुधाचा दोन कप घ्या. त्यात ते द्रव्य फारच कमी.”

उठताना त्यांनी भिंतीचा आधार घेतला. विचारले तेव्हा म्हणाले, पंधरा दिवस तळपायांना मुंग्या येतात, रात्री आग होते. वयामुळे असेल म्हणून शहरात बोलले नव्हते. हा इंजेक्शनचा परिणाम असू शकतो. वेळीच कळले तर डोस कमी करता येतो. मी तेथील डॉक्टरांच्या नावे चिठ्ठी लिहिली, कॅप्सूलचे नावही त्यात टाकले आणि पुढचे इंजेक्शन घेण्याआधी ती दाखवायला सांगितले.