मुलगी ‘नकुशी’ का होते?

सातारा जिल्ह्यातले ‘नकुशी’ हे नाव तुमच्या कानांवर आले असेल. नकोशी तीच नकुशी. दोन-तीन मुलींच्या पाठीवर पुन्हा मुलगीच झाली, की तिचे हे नाव ठेवायचे. मग पुढचा मुलगा होतो म्हणे! शाळेत गुरुजींनी हजेरीला हे नाव पुकारायचे आणि त्या पोरीने ‘हजर’ म्हणायचे. काय वाटत असेल तिला? २०११ साली त्या जिल्ह्यात अशा पावणेतीनशेहून अधिक मुलींना समारंभाने नवी नावे देण्यात आली.

आता शास्त्र काय सांगते ते पाहा. आईच्या प्रत्येक बीजात एक्स हेच गुणसूत्र असते. बापाच्या बीजांपैकी निम्म्यांत एक्स, निम्म्यांत वाय. वाय आले तर मुलगा. नेटी स्टीव्हन्स या अमेरिकन विदुषीने १९०५ साली पिठातल्या किड्यांचा अभ्यास करताना हे ओळखले. म्हणजे ‘हिला पोरीच होतात’ म्हणून जिच्या उरावर सवत आणली, ती बिचारी निर्दोष होती. खरे तर नवऱ्याचाही त्यात दोष नाही. कोणते बीज पुढे जावे हे त्याच्या तरी हातात कुठे असते?

निसर्ग शंभर मुलींमागे साधारण १०५ मुलगे जन्माला घालतो. पण तान्हेपणी मुलगाच अधिक नाजूक, त्यामुळे हे अंतर पुढे कमी होत जाते. मग काटा झुकवला कुणी? महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे १९९१ साली ९४६ मुली होत्या. २००१ साली ९१३, तर २०११ साली ८९४. वीस वर्षांत माणसाचे शरीर बदलत नाही. बदलले ते इतकेच, की सोनोग्राफीचे यंत्र गावोगाव पोचले. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातला पहिला कायदा महाराष्ट्रानेच १९८८ साली केला होता, तरी ही गत! आणि हे अडाण्यांचे काम म्हणावे, तर उसाच्या पैशाने सुखवस्तू झालेल्या कोल्हापूर-सांगलीत २००१ साली हा आकडा ८६०च्याही खाली होता.

कारण बाईचे मोल शरीर ठरवीत नाही, घरचा हिशेब ठरवतो. चिखलात वाकून भाताची लावणी करते ती बाई. सातबाऱ्यावर नाव मात्र दादल्याचे. मुलगी म्हणजे हुंडा, मुलगा म्हणजे म्हातारपणची काठी, असे गणित पिढ्यान्‌पिढ्या चालत आले. वडिलार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतका वाटा महाराष्ट्राने १९९४ साली दिला, तर २००५ साली तो देशभर मिळाला. पण वाटणीची वेळ येते तेव्हा भाऊ हक्कसोडपत्र पुढे करतो, आणि माहेर तुटू नये म्हणून बहीण मुकाट्याने त्यावर सही करते.