पहिल्या वर्षाच्या उंबरठ्यावर

बारावीचा निकाल लागला की आमच्या धर्मग्रामांत दोन गोष्टी ठरल्याप्रमाणे घडतात. रविवारच्या मिस्सानंतर गुणवंतांची नावे वाचली जातात, आणि त्याच आठवड्यात पालक धर्मगुरूंच्या कार्यालयात बाप्तिस्म्याच्या दाखल्यासाठी व शिफारसपत्रासाठी रांग लावतात. ख्रिस्ती अल्पसंख्याक महाविद्यालयांत आपल्या समाजासाठी काही जागा राखीव असतात, म्हणून ही धावपळ. प्रवेश एकदाचा झाला की पालक सुटकेचा निःश्वास टाकतात आणि मुलाचे पुढे काय होते याची चौकशी थेट तीन वर्षांनी, पदवीच्या पेढ्यांच्या वेळी केली जाते. मधल्या काळाविषयी आपण कोणी फारसे बोलत नाही. धर्मगुरू म्हणून आम्हीही बोललो नव्हतो, हे प्रथमच कबूल करावयास हवे.

यंदा आम्ही वेगळा विचार केला. तज्ज्ञ वक्ता बोलावून करिअर मार्गदर्शन ठेवण्याऐवजी, सध्या महाविद्यालयात शिकत असलेल्या वसई परिसरातील नऊ मुलामुलींना नुकत्याच बारावी झालेल्यांसमोर बसविले. व्यासपीठ नव्हते, हार-तुरे नव्हते. मागच्या रांगेत काही पालक होते व त्यांच्यात आम्ही. त्या संध्याकाळी जे ऐकले त्यातील बराचसा भाग पालकांपर्यंत पोहोचणे अगत्याचे वाटल्याने हा लेखनप्रपंच.

आरंभी एक गैरसमज दूर झाला. आपण ‘मुंबई विद्यापीठात प्रवेश मिळाला’ असे म्हणतो, पण पदवीच्या मुलाला विद्यापीठ सहसा दिसतच नाही. कोलकाता व मद्रास येथील विद्यापीठांप्रमाणे मुंबईचे विद्यापीठही १८५७ साली, लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर स्थापन झाले. त्या नमुन्यात विद्यापीठाने परीक्षा घ्यावयाची व पदवी द्यावयाची. शिकवावयाचे ते संलग्न महाविद्यालयांनी. विद्यापीठाचे स्वतःचे अध्यापन विभाग नंतर आले. दीडशे वर्षे उलटली तरी सामान्य विद्यार्थ्याचा अनुभव फारसा बदललेला नाही. वाणिज्य शाखेच्या तिसऱ्या वर्षातील एक मुलगी म्हणाली, “फादर, माझ्यासाठी विद्यापीठ म्हणजे हॉल तिकीट आणि मार्कशीट. बाकी सगळे कॉलेजच.” म्हणून महाविद्यालय निवडताना नावापेक्षा तेथील प्राध्यापक, ग्रंथालय व घरापासूनचे अंतर पाहा, असे त्या सर्वांनी एकमुखाने सांगितले.

अंतराचा विषय निघाला आणि मग बराच वेळ गाडी त्याच रुळावर राहिली! विरार ते चर्चगेट हे अंतर सुमारे साठ किलोमीटर. सकाळी सातच्या तासिकेला दक्षिण मुंबईत पोहोचावयाचे तर घरातून पहाटे साडेचारला निघावे लागते. गावातून स्टेशनपर्यंतची बस वा रिक्षा वेगळीच. बसावयास जागा मिळावी म्हणून वसईची मुले उलट दिशेने विरारला जाऊन तीच गाडी धरतात, मग सवलतीचा पास तेवढ्या टप्प्याला चालत नाही आणि तिकीट तपासनीस दंड करतो. विज्ञान शाखेच्या दुसऱ्या वर्षाच्या एका मुलाने हिशेब मांडला : रोजचे चार-साडेचार तास प्रवासात, आठवड्याचे सहा दिवस. “नावाजलेल्या कॉलेजसाठी मी हे केले. आज पुन्हा निवडायचे झाले तर अंधेरीच्या पुढे जाणार नाही,” असे तो स्पष्टपणे म्हणाला. त्याच्या शेजारी बसलेल्या मुलीचे मत नेमके उलटे होते. महिलांच्या डब्यात उभ्याने वाचण्याची तिला सवय झाली आहे व त्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयाने आपले आयुष्य बदलले असे ती सांगते. दोघांचेही खरे असावे. प्रत्येकाने आपल्या प्रकृतीचा विचार करूनच निर्णय घ्यावा.

भाषेचा प्रश्न मात्र सर्वांनाच सारखा भेडसावतो आणि आम्हांला तो अधिक जिव्हाळ्याचा वाटतो. आपल्याकडील कित्येक मुले घरी कादोडी किंवा वाडवळी बोलतात, शाळेत प्रमाण मराठी शिकतात आणि महाविद्यालयात पाऊल टाकताच इंग्रजीच्या प्रवाहात ढकलली जातात. मराठी माध्यमातून आलेल्या, अर्थशास्त्र घेतलेल्या एका मुलीने सांगितलेला प्रसंग बोलका आहे. पहिल्या महिन्यात प्राध्यापक ‘इलॅस्टिसिटी ऑफ डिमांड’ शिकवीत होते. तिला काही कळेना. आपल्याला अर्थशास्त्र झेपणार नाही असे तिने मनाशी ठरवूनही टाकले. घरी येऊन बारावीचे पुस्तक सहज चाळले, तर तेथे ‘मागणीची लवचीकता’ हा धडा होता आणि त्यात तिला पैकीच्या पैकी गुण होते. विषय येत होता, शब्द येत नव्हता. दुसऱ्याच दिवशी तिने एक वही घातली : डाव्या रकान्यात इंग्रजी शब्द, उजव्या रकान्यात मराठी, आणि खाली स्वतःच्या शब्दांत अर्थ. दिवाळीपर्यंत वही भरली आणि भीती ओसरली. कला शाखेच्या अनेक विषयांत उत्तरपत्रिका मराठीतून लिहिण्याची मुभा विद्यापीठ देते, हेही तिला सहा महिन्यांनी कळले. कोणी सांगितलेच नव्हते. ती वही तिने सोबत आणली होती. सभा संपल्यावर चार-पाच मुलींनी तिची छायाचित्रे मोबाईलवर घेतली, हे पाहून आम्हांला समाधान वाटले.

आम्ही स्वतः सेमिनरीत असताना बाहेरून बी.ए. केले. त्या काळी वर्षाच्या अखेरीस एकच परीक्षा असे आणि सारे विषय तेव्हाच निकालात निघत. आजची रचना निराळी आहे आणि पालकांनी ती समजून घेतली पाहिजे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये जाहीर झाले. मुंबई विद्यापीठाच्या संलग्न महाविद्यालयांत ते २०२४-२५ या शैक्षणिक वर्षापासून प्रथम वर्षाला लागू झाले. आता सर्व हिशेब श्रेयांकांत, म्हणजे मुलांच्या भाषेत ‘क्रेडिट’मध्ये चालतो. साधारण पंधरा तास अध्यापन म्हणजे एक श्रेयांक. प्रात्यक्षिकाला तीस तास. एका सत्रात २० ते २२ श्रेयांक मिळवावयाचे. तीन वर्षांत १२० ते १३२ झाले की पदवी, आणि चौथे वर्ष केले तर ऑनर्स. पहिल्या वर्षानंतर थांबल्यास, थोडा अधिक अभ्यासक्रम पूर्ण करून प्रमाणपत्र, दुसऱ्या वर्षानंतर पदविका मिळू शकते. आणि तीन वर्षांच्या आत परत येऊन शिक्षण पुढे नेता येते. हे श्रेयांक विद्यार्थ्याच्या नावाने ‘अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स’ या संगणकीय खात्यात जमा होतात. ते खाते उघडताना आधार कार्डावरील नाव व बारावीच्या गुणपत्रिकेवरील नाव जुळले नाही तर पुढे भारी मनस्ताप होतो. आपल्याकडे आडनावांची लेखनपद्धती तऱ्हेतऱ्हेची. डिसोजा, डिसोझा, डि’सोझा, यांत बाप्तिस्म्याचा दाखला एक सांगतो, आधार दुसरे, शाळेचा दाखला तिसरे. ही दुरुस्ती प्रवेशापूर्वीच करून घ्यावी.

मुख्य विषय, दुय्यम विषय, खुला पर्यायी विषय, कौशल्य विषय अशी आज विषयांची मोठी पंगत असते. दुय्यम विषय केवळ ‘सोपा आहे’ म्हणून किंवा मैत्रिणीने घेतला म्हणून घेऊ नका, असे दोघींनी कळकळीने सांगितले. व्यवस्थापनाच्या पदवीसंबंधीही एक खुलासा झाला : २०२४ पासून बी.एम.एस., बी.बी.ए., बी.सी.ए. या अभ्यासक्रमांसाठी राज्याची प्रवेश परीक्षा आवश्यक झाली, आणि त्यानंतर मुंबईतील कित्येक महाविद्यालयांनी व्यवस्थापनाचा अभ्यासक्रम बी.कॉम.च्या नावाखाली सुरू केला. प्रवेश घेण्यापूर्वी पदवीच्या कागदावर नेमके कोणते नाव येणार, हे विचारून घ्यावे. विचारण्यात कमीपणा नाही.

आता ज्या कारणास्तव हा लेख लिहावासा वाटला, त्या गोष्टीकडे वळतो.

नऊ जणांत एक मुलगा बराच वेळ गप्प होता. शेवटी तो उभा राहिला. दहावी-बारावीला आमच्याच धर्मग्रामाच्या गुणगौरव समारंभात त्याला बक्षीस मिळाले होते. आम्ही स्वतः ते दिले होते. पहिल्या सत्रात तो तीन विषयांत नापास झाला. ज्याला मुले ‘केटी’ म्हणतात ती म्हणजे राहिलेला विषय मागे ठेवून पुढच्या सत्रात जाण्याची परवानगी. ठराविक मर्यादेपेक्षा अधिक विषय राहिले तर पुढच्या वर्षात जाता येत नाही. तीन विषय सुटण्यासारखे होते. पण घरी सांगावयाचे कसे? त्याने सांगितलेच नाही. मग वर्गात जाण्याचीही लाज वाटू लागली. पंचाहत्तर टक्के उपस्थितीचा नियम असतो; ती घसरली, महाविद्यालयाची सूचना घरी न जाता त्याच्याच मोबाईलवर आली. पुढचे चार महिने तो रोज सकाळी आईने भरून दिलेला डबा घेऊन घरातून निघे, गाडीत बसे, कधी दादरला, कधी चर्चगेटला उतरून समुद्रकिनारी बसून राही आणि संध्याकाळी ठरल्या वेळी परत येई. “डबा मात्र रोज खाल्ला, फादर. तो परत नेला असता तर आईने विचारले असते,” असे तो म्हणाला, तेव्हा सभागृह स्तब्ध झाले.

त्याला यातून बाहेर कोणी काढले? उपदेश करणाऱ्या आम्हां मंडळींपैकी कोणी नव्हे. त्याच गाडीने जाणाऱ्या, एक वर्ष पुढे असलेल्या मुलाने त्याला भलत्या वेळी भलत्या फलाटावर पाहिले आणि सरळ विचारले, “तुझी किती राहिलीत? माझी दोन होती.” या एका वाक्याने गाठ सुटली. त्याने घरी सांगण्यास मदत केली, परीक्षेचा अर्ज कोठे व केव्हा भरावयाचा ते दाखविले, जुन्या प्रश्नपत्रिका दिल्या.

हे ऐकताना आम्हांला संत जॉन हेन्री न्यूमन आठवले. विद्यापीठ म्हणजे काय यावर त्यांच्याइतके चिंतन फार थोड्यांनी केले असेल. १ नोव्हेंबर २०२५ रोजी पोप लिओ चौदावे यांनी त्यांना ख्रिस्तसभेचे धर्मपंडित म्हणून घोषित केले. हेच न्यूमन ऑक्सफर्डच्या ट्रिनिटी कॉलेजात शिकत असताना १८२० च्या अंतिम परीक्षेत अतिश्रमाने व दडपणाने कोसळले आणि अगदी खालच्या श्रेणीत कसेबसे उत्तीर्ण झाले. दोन वर्षांनी, १८२२ मध्ये, ओरिएल कॉलेजने त्यांना आपला फेलो म्हणून निवडले. त्यांच्या गौरवाच्या प्रवचनांत आपण त्यांची विद्वत्ता सांगतो; १८२० सालची ही परीक्षा सहसा सांगत नाही.

आणि आपले गुणगौरव समारंभ? आम्ही गेली अनेक वर्षे ते हौसेने करीत आलो आहोत व पुढेही करू. परंतु ज्याला आपण सर्वांसमोर शाल दिली, त्याला नापास झाल्याचे सांगण्यासाठी आपण कोणती जागा ठेवली, हा प्रश्न त्या संध्याकाळपासून आमची पाठ सोडत नाही. परिचितांपैकी एक पालक आमच्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाले, “माझा मुलगाही दार लावून बसतो. मी त्याला मोबाईलवरून ओरडत होतो.” मुलांनी आपली दुःखे आधी आईवडिलांना सांगावीत ही अपेक्षा रास्तच आहे, पण घरात फक्त टक्क्यांचीच विचारपूस होत असेल तर ती सांगणार तरी कशी? मन फारच खचले असेल तर शासनाची टेलि-मानस ही दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र उपलब्ध आहे, व तीवर मराठीतही बोलता येते.

पुण्यात वसतिगृहात राहणाऱ्या मुलीने थोडक्यात सांगितले ते असे : पहिले पंधरा दिवस घरी जाऊ नका, नाहीतर मन तेथे लागत नाही, पैशांचा हिशेब लिहून ठेवा, आणि पहिल्याच रविवारी जवळचे चर्च शोधा, कारण पहिला रविवार चुकला की दुसराही चुकतो. रॅगिंगविषयी पालकांनी विचारले. महाराष्ट्रात १९९९ पासून त्याविरुद्ध कायदा आहे व विद्यापीठ अनुदान आयोगाची मदतवाहिनी १८००-१८०-५५२२ ही आहे. त्रास सहन करणे हा काही मोठे होण्याचा संस्कार नव्हे. शिष्यवृत्तीचे अर्ज ‘महाडीबीटी’ या शासकीय संकेतस्थळावर भरावयाचे असतात. उत्पन्नाचा दाखला आधीच काढून ठेवावा, कारण मुदत संपण्याच्या आठवड्यात तहसील कार्यालयातही गर्दी असते आणि संकेतस्थळही चालत नाही.

श्रद्धेविषयी कोणी काही बोलेल अशी अपेक्षा आम्ही ठेवली नव्हती. विज्ञान शाखेचा तो मुलगा आपणहून म्हणाला की वर्गातील मित्र देवाविषयी प्रश्न विचारतात आणि त्याला उत्तरे येत नाहीत, कारण त्याचे धर्मशिक्षण दृढीकरणापाशी थांबले. हा दोष त्याचा नव्हे, आमचा. अखिल भारतीय कॅथोलिक विद्यापीठ संघटना, म्हणजेच ‘ऐकफ’, १९२४ पासून महाविद्यालयीन तरुणांत काम करीत आहे. आपल्या महाविद्यालयात तिची शाखा असल्यास तेथे जरूर डोकवावे.

सभेच्या अखेरीस त्या नऊ जणांनीच ठरविले की दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी, सकाळच्या दुसऱ्या मिस्सानंतर, चर्चच्या मागच्या खोलीत ते तासभर बसतील. कोणीही यावे, काहीही विचारावे. खोलीत धर्मगुरूंनी नसावे अशी त्यांची अट आहे व ती आम्ही मान्य केली आहे. चहा मात्र आमच्याकडून.

त्या मुलाचे दोन विषय सुटले असून एक बाकी आहे. पुढच्या परीक्षेचा अर्ज त्याने भरला आहे. शुल्काची पावती त्याच्या आईने आम्हांला दाखविली. घडी घालून ती प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवलेली होती.