घरच्या घरी प्लग बदलताना

नाशिकच्या मायको सर्कलला ज्या कंपनीचे नाव मिळाले, ती आता बॉश म्हणून ओळखली जाते. तिच्या सातपूरच्या कारखान्यात डिझेल इंजिनांचे इंजेक्टर आणि नोझल बनतात. डिझेल इंजिनात इंधन दाबलेल्या हवेच्या उष्णतेनेच पेटते, म्हणून नाशिकमध्येच तयार होणाऱ्या महिंद्रा बोलेरोला स्पार्क प्लग नसतो. तो लागतो पेट्रोल गाडीला.

साधा निकेलचा प्लग साधारण ३० ते ४० हजार किलोमीटर चालतो, इरिडियमचा त्याच्या दुप्पट-तिप्पट. बदलण्याचे काम घरी नक्की जमते, पण इंजिन पूर्ण थंड हवे. आधी प्लगच्या खड्ड्यातली धूळ हवा मारून काढावी, नाहीतर ती थेट सिलिंडरमध्ये पडते. नवा प्लग पहिले आटे हातानेच फिरवून बसवावा. प्लग ज्यात बसतो ते सिलिंडर हेड ॲल्युमिनियमचे असते. पाना जोरात मारला की आटे जातात आणि शंभर-दोनशे रुपयांच्या प्लगपायी हजारोंचा खर्च येतो. शेवटचे आवळणे टॉर्क पान्याने, गाडीच्या पुस्तिकेतल्या मापानेच करावे.

जुना प्लग काढताना खड्ड्यात ऑइल दिसले, तर बहुधा टॅपेट कव्हरचे पॅकिंग गळत असते. तेही घरी बदलता येते: जुन्या पॅकिंगचे अवशेष पूर्ण खरवडून काढावेत आणि बोल्ट मधून कडेकडे, थोडे थोडे आवळावेत.

हेड गॅस्केट मात्र घरी उघडू नये. ते काम अनुभवी मेकॅनिककडेच सोपवा.